सव्वा महिन्यानंतर आईची शुगर कोण बघतं?

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. कुणी लोकलमध्ये इअरफोन विसरलं असेल, कुणाला ऐकण्यापेक्षा वाचायला आवडत असेल, त्यांच्यासाठी. बोललोय तसंच ठेवलंय, मध्येमध्ये थोडी काटछाट केली एवढंच.

सुरुवात माझ्यापासून करतो. मी जन्मलो तेव्हा चार किलो शंभर ग्रॅमचा होतो. १९९७ साल, कराड. आमच्या घरात हा आकडा अजूनही कौतुकानं सांगितला जातो. आजी तर पाहुण्यांना चहा देता देता सांगायची, "असलं गुटगुटीत बाळ दवाखान्यात कुणी बघितलं नव्हतं."

त्या कौतुकात एक गोष्ट कायम मागे राहायची. आईला सातव्या महिन्यात लघवीत साखर निघाली होती. डॉक्टरांनी गोड बंद केलं, भात कमी केला. बाळंतपणानंतर परत तपासलं तर साखर नव्हती. "गेली शुगर," असं सांगून फाईल हातात दिली. ती फाईल लोखंडी कपाटात गेली, ती गेलीच.

२०१९ मध्ये आईच्या पायाची एक छोटी जखम भरेना. तपासणीत मधुमेह निघाला, आणि तोही बराच वाढलेला. डॉक्टरांनी विचारलं, "गरोदरपणात कधी शुगर होती का?" आई म्हणाली, "होती की. याच्या वेळी." डॉक्टर म्हणाले, "मग त्यानंतर दरवर्षी तपासत होता ना?" आई माझ्याकडे बघायला लागली. बावीस वर्षांत तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आता दुसरा प्रसंग. गेल्या वर्षी माझी ताई गरोदर होती. तिनं ग्लुकोजचं पाणी पिऊन टेस्ट केली, दोन तासांनंतरचा आकडा आला १५२. आपल्याकडच्या सरकारी नियमात १४० किंवा त्याहून जास्त म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. मी सवयीनं गुगल केलं, तर आंतरराष्ट्रीय निकषात दोन तासांची रेषा १५३ वर. म्हणजे एका नियमानं ताई पेशंट, दुसऱ्या नियमानं, बाकीचे आकडे ठीक असतील तर, एका मिलिग्रॅमनं सुटलेली. ताई म्हणाली, "तू एवढा इंजिनिअर आहेस ना, मग हे आकडे ठरवले कुणी ते शोध की."

शोधलं. आजचा भाग त्याचाच आहे.

बर्लिन, १८२३

गोष्ट दोनशे वर्षं मागे जाते. नोव्हेंबर १८२३. बर्लिनच्या दवाखान्यात २२ वर्षांची एक बाई दाखल झाली. पाचवं गरोदरपण, सातवा महिना. तहान इतकी की कितीही प्यायलं तरी भागेना. हाइनरिश बेनेविट्झ नावाच्या तरुण डॉक्टरनं तिची केस लिहून ठेवली आणि १८२४ मध्ये त्यावर प्रबंध सादर केला. लघवीत साखर होती. उपचार काय, तर शिरेतून रक्त काढणं आणि आहारात बदल. इन्सुलिन यायला अजून शंभर वर्षं होती.

बाळ बारा पौंडांचं होतं, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. प्रसूतीतच ते गेलं. बाई वाचली, आणि काही दिवसांत तिच्या लघवीतली साखर नाहीशी झाली. बेनेविट्झनं निष्कर्ष काढला की हा मधुमेह गरोदरपणाचंच एक लक्षण होता.

बघा, "बाळंतपण झालं, शुगर गेली" हे वाक्य दोनशे वर्षं जुनं आहे. कराडच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये आईला तेच सांगितलं. ते खोटं नव्हतं. अर्धं होतं.

इन्सुलिन आलं, बाळं वाचायला लागली

१९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन सापडलं, जानेवारी १९२२ मध्ये पहिल्या पेशंटला दिलं गेलं. त्याआधी आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस राहणंच दुर्मीळ होतं, आणि राहिले तर बाळ, आई किंवा दोघंही जाण्याची भीती.

हे चित्र बदलण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे: प्रिसिला व्हाइट. हार्वर्डचं मेडिकल स्कूल तेव्हा मुलींना प्रवेशच देत नव्हतं, ते १९४५ मध्ये सुरू झालं. म्हणून त्या टफ्ट्समध्ये शिकल्या आणि १९२४ मध्ये बॉस्टनला डॉक्टर जॉसलिन यांच्याकडे रुजू झाल्या. पुढची पन्नास वर्षं त्यांनी मधुमेही गरोदर बायकांवर काम केलं. सुरुवातीला अशा गरोदरपणांतली जेमतेम अर्धी बाळं हाती लागायची. त्या निवृत्त झाल्या तेव्हा ते प्रमाण नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलं होतं.

पण या बायकांना मधुमेह आहे हे आधीच माहीत होतं. माझी आई किंवा ताई त्यात बसत नाहीत. ज्यांना काहीच त्रास नाही, ज्या ठणठणीत दिसतात, त्यांच्यातला धोका ओळखायचा कसा?

बॉस्टनचे ते चार आकडे

या प्रश्नाचं उत्तरही बॉस्टनमध्येच शोधलं गेलं. जॉन ओ'सलिव्हन हे डॉक्टर आणि क्लेअर महान या संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी ७५२ गरोदर बायकांना १०० ग्रॅम ग्लुकोज दिलं आणि चार वेळा रक्त घेतलं: उपाशीपोटी, मग एक, दोन आणि तीन तासांनी. सरासरी काढली, त्याच्या वर दोन स्टँडर्ड डेव्हिएशनवर रेषा मारली.

आता आपल्या लोकांना आवडेल असा तपशील. दोन तासांचा आकडा आला १४३, तीन तासांचा १२७. लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून ते केले १४५ आणि १२५. हो, राउंड ऑफ! शिवाय लॅबची एखादी चूक पकडली जाऊ नये म्हणून नियम केला, चारपैकी किमान दोन आकडे जास्त हवेत.

पुढे लॅबवाले अख्ख्या रक्ताऐवजी प्लाझ्मावर साखर मोजायला लागले. त्यात आकडा जास्त येतो. म्हणून १९७९ मध्ये एक दुरुस्ती, १९८२ मध्ये दुसरी. जुन्या कोडवर पॅच मारत जावं तसं. जगात बऱ्याच ठिकाणी आजही तोच १९६४ चा कोड चालतोय.

पण मला खरा धक्का बसला तो इथे. ही रेषा बरोबर आहे की चूक, हे त्यांनी कशावरून ठरवलं? बाळाच्या वजनावरून? सिझेरियनवरून? नाही. त्यांनी दुसऱ्या १०१३ बायकांचा आठ वर्षांपर्यंत मागोवा घेतला आणि पाहिलं, की ज्यांचे आकडे या रेषेच्या वर होते त्यांच्यापैकी किती जणींना स्वतःला पुढे मधुमेह झाला.

म्हणजे ही टेस्ट मुळात आईचं भविष्य बघायला बनवली होती.

यामागचं विज्ञान सोपं आहे. गरोदरपणात वारेतून निघणाऱ्या हार्मोन्समुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. बाळाला साखर मिळत राहावी म्हणून शरीरानं केलेली ही सोय. स्वादुपिंडाला मग जास्त इन्सुलिन बनवावं लागतं. बहुतेक बायकांचं बनवतं. काहींचं कमी पडतं, त्यांची साखर वाढते. आपण सर्व्हरवर लोड टेस्टिंग करतो ना, तसंच. नेहमीच्या ट्रॅफिकला सर्व्हर मस्त चालतो, लोड वाढवला की कळतं कुठे कच्चं आहे ते. बाळंतपणानंतर लोड उतरतो, आकडे नॉर्मल होतात. कच्चा भाग तसाच राहतो.

किती कच्चा? २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब आला: गरोदरपणात मधुमेह झालेल्या बायकांना पुढे टाइप टू मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या किमान सातपट. २०२० मध्ये बीएमजेमधल्या अशाच हिशेबात ती जवळजवळ दहापट निघाली.

प्रश्न बदलला

मग आई विसरली कशी गेली? मला वाटतं, टेस्ट तीच राहिली आणि तिच्यामागचा प्रश्न बदलला.

२००८ मध्ये हापो नावाचा प्रचंड मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ९ देश, १५ केंद्रं, २३ हजारांहून जास्त बायका. प्रश्न असा होता, की आईची साखर वाढत जाते तसा बाळाला काय धोका होतो? बाळ फार मोठं होतं का, सिझेरियन वाढतं का, जन्मल्यावर बाळाची साखर एकदम खाली जाते का? उत्तर आलं, साखर जितकी जास्त तितका धोका जास्त, मध्ये कुठेही स्पष्ट पायरी नाही. पायरी नाही म्हटल्यावर रेषा माणसांनीच बसून ठरवायची. ती २०१० मध्ये ठरली, आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्वीकारली. ताईचा तो १५३ इथून आला.

काम उत्तम होतं, त्यातून असंख्य बाळांचं भलं झालं. पण आता रेषा बाळाच्या बाजूनं आखलेली होती. आणि बाळाच्या बाजूनं बघितलं की प्रसूती झाल्यावर गोष्ट संपते. आपल्या भाषेत, तिकीट क्लोज्ड.

याच अभ्यासातल्या आया दहा ते चौदा वर्षांनी पुन्हा तपासल्या गेल्या, २०१८ मध्ये ते निकाल आले. नव्या रेषेच्या वर असलेल्यांपैकी ५२ टक्के बायकांना मधुमेह किंवा त्याच्या आधीची स्थिती होती. रेषेच्या खाली असलेल्यांमध्ये हे प्रमाण २० टक्के. ओ'सलिव्हन आणि महान १९६४ मध्ये जे सांगत होते, तिथेच आपण फिरून आलो.

आणि एक गोष्ट. त्या ९ देशांत भारत नव्हता.

चेन्नईचा जुगाड, आणि त्याची किंमत

भारतात हा विषय लावून धरला चेन्नईच्या डॉक्टर व्ही. शेषय्या यांनी. १० मार्च हा त्यांचा वाढदिवस आपल्याकडे गरोदरपणातल्या मधुमेहाच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. त्यांच्या टीमनं तामिळनाडूत केलेल्या पाहणीत चेन्नई शहरात १७.८ टक्के, निमशहरी भागात १३.८ टक्के आणि खेड्यांत ९.९ टक्के गरोदर बायकांमध्ये साखर जास्त निघाली. खेड्यातही दहातली एक. श्रीमंतांचा आजार वगैरे गप्पा तिथेच संपल्या.

आता अडचण बघा. पुस्तकी टेस्टला रात्रभर उपाशी राहून यावं लागतं. आपल्याकडची बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात येते ती सकाळचं सगळं आवरून, दोन घास खाऊन, एसटी किंवा वडाप धरून. तिला "उद्या उपाशी ये" म्हटलं की ती उद्या येत नाही. रोज बुडतो, घरचे सोडत नाहीत, सोबत कुणी नसतं. म्हणून शेषय्यांच्या गटानं सुचवलं: खाऊन आली असली तरी चालेल, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, दोन तासांनी एकदाच रक्त घ्या, १४० किंवा जास्त असेल तर मधुमेह समजून उपचार सुरू करा. केंद्र सरकारनं २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत हीच पद्धत घेतली, २०१८ मध्ये त्या सुधारल्या. प्रत्येक गरोदर बाईची टेस्ट दोनदा: पहिल्या भेटीत, आणि २४ ते २८ आठवड्यांत.

मला हे डिझाइन फार आवडलं. युजर जिथे आहे तिथून सुरुवात केलेली.

पण चेन्नईतच डॉक्टर व्ही. मोहन यांच्या गटानं २०१४ मध्ये दाखवलं, की उपाशी न राहता केलेली ही टेस्ट बऱ्याच केसेस सोडून देते. उपाशीपोटी केलेल्या टेस्टशी ताडून बघितलं तर निम्म्याहून जास्त बायका निसटत होत्या. वाद अजून मिटलेला नाही. एका बाजूला सोपी टेस्ट, जी सगळ्यांपर्यंत पोचते पण काही जणींना चुकवते. दुसऱ्या बाजूला काटेकोर टेस्ट, जिला बाई येतच नाही. मी कोणत्याही एका बाजूला टाळ्या वाजवणार नाही. मात्र सोपी टेस्ट करायची, तर तिच्यातून निसटलेल्या बायकांना पुढे पकडायची दुसरी जाळी हवी. ती जाळी म्हणजे बाळंतपणानंतरची तपासणी.

पुण्याजवळची सहा गावं

काही जण म्हणतील, सगळ्यांची टेस्ट कशाला? ज्या जाड आहेत, ज्यांच्या घरात शुगर आहे, त्यांचीच करा. याला उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे.

१९९३ पासून पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करतायत. शेतात राबणाऱ्या, बारीक चणीच्या, सरासरी पाच फूट उंचीच्या या आया. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. फरक पाऊण किलोचा. पण मोजमापात दिसलं, की आपली बाळं स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी कमी होती. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबी. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभर गाजलं.

म्हणजे आपल्याकडे धोका नजरेनं ओळखता येत नाही. माझ्यासारखं चार किलोचं बाळ ही एक खूण झाली, पण अडीच किलोच्या बाळाची बारीकशी आईही निश्चिंत राहू शकत नाही. रक्त तपासणं हाच मार्ग.

सव्वा महिना

सरकारी सूचनांत पुढची पायरी स्पष्ट लिहिली आहे: ज्यांना गरोदरपणात मधुमेह निघाला, त्यांची बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची टेस्ट. आणि नंतरही ठराविक काळानं.

सहा आठवडे म्हणजे साधारण काय? आपला सव्वा महिना. बाळंतीण बाहेर पडते तो काळ. आणि सहा आठवडे हीच बाळाच्या लसीकरणाच्या मोठ्या भेटीची तारीख. म्हणजे आई बाळाला घेऊन त्याच केंद्रात, त्याच सिस्टरसमोर हजर असते. बाळाला टोचतात, थेंब देतात, कार्डावर तारीख लिहितात. आई उठून घरी जाते.

ताईच्या बाबतीत मी हे डोळ्यांनी बघितलं. तिनं विचारलं, "माझी ग्लुकोजची टेस्ट?" उत्तर मिळालं, "तुमची डिलिव्हरी झाली ना? मग आता कशाला?" सिस्टर वाईट नव्हत्या. समोर पंधरा बाळं रडत होती, आणि रजिस्टरमध्ये त्यासाठी भरायचा रकाना त्यांना दिसत नव्हता. आम्ही शेवटी खासगी लॅबमध्ये गेलो. उपाशीपोटी, बाळाला पाजत, दोन तास बाकड्यावर बसून. मी बाळाला घेऊन बाहेर येरझाऱ्या घालत होतो. आई घरून फोन करत होती, "लाडू खाऊन गेली असती तर काय बिघडलं असतं?"

आता यातल्या अडचणी मोजा. पहिलं बाळंतपण माहेरी, तिसऱ्या महिन्यात सासरी. माहेरच्या आशाताईंना माहीत असतं की हिला शुगर होती, सासरच्या आशाताईंना नाही. फाईल माहेरच्या कपाटात. आमच्या भाषेत, डेटा मायग्रेट झालाच नाही. त्यात सव्वा महिना म्हणजे डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शिरा. प्रेमानं दिलेलं, नाही म्हणता येत नाही. झोप नाही. आणि घरात सगळ्यांचं लक्ष बाळाकडे, आईचंही.

नुसत्या सल्ल्यानं हे सुटत नाही. भारत, बांगलादेश आणि श्रीलंकेत अशा बायकांसाठी गटात बैठका आणि फोनवर मेसेज असा कार्यक्रम करून पाहिला, २०२२ मध्ये निकाल आले: फारसा फरक पडला नाही. उलट अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, साखर वाढू लागलेल्या आणि गरोदरपणात मधुमेह होऊन गेलेल्या बायकांना सतत आधार देऊन खाणं-व्यायाम बदलला, किंवा मेटफॉर्मिन दिलं, तेव्हा मधुमेहाचं प्रमाण निम्म्यावर आलं. म्हणजे थांबवता येतं. पण त्यासाठी बाईला वेळ, सोबत आणि पाठपुरावा लागतो. मेसेज फॉरवर्ड करून भागत नाही.

ताईचा रिपोर्ट आला: दोन तासांनंतर १४९. गरोदर नसताना २०० ला मधुमेह म्हणतात, १४० च्या आत नॉर्मल. ती मधल्या पट्ट्यात. भावोजींनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "म्हणजे अजून झाला नाही ना? मग चालायला मीपण येतो रोज." आता दोघं जातात, बाळ आजीकडे. दर वर्षीच्या टेस्टचा रिमाइंडर मी तिच्या, भावोजींच्या आणि माझ्या, तिघांच्या फोनमध्ये टाकलाय.

आईनं तो रिपोर्ट हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "मला तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर?" मी काही बोललो नाही.

तर मंडळी, आज एक काम. आईला फोन करा. विचारा, "मी जन्मलो तेव्हा किती किलोचा होतो? तुला तेव्हा शुगर निघाली होती का? त्यानंतर कधी तपासलीस?" "होती, पण गेली" असं उत्तर आलं, तर या आठवड्यात तिला तपासणीला घेऊन जा. बहीण, वहिनी, मैत्रीण नुकती बाळंत झाली असेल, तर बाळाच्या सहा आठवड्यांच्या लसीच्या दिवशी तिच्यासोबत जा आणि तिच्या टेस्टचं विचारा. आणि बाळ तुम्ही सांभाळा. दोन तासच तर लागतात.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.